बिली मार्टिन : कॉलेज सोडून गेला आणि कॉलेजातच रमला

गेल्या गणेशोत्सवात पाचव्या दिवसाची आरती आटोपून आम्ही मंडळाच्या सभागृहात संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी खुर्च्या मांडत होतो. तेवढ्यात मागच्या गल्लीतले एक स्नेही जवळ आले. त्यांचा मुलगा तेव्हा दहावीत होता. टेनिस खेळतो, सतरा वर्षांखालच्या गटात राज्य स्पर्धेपर्यंत जाऊन आलेला. म्हणाले, "भाऊ, तुम्ही खेळातलं वाचता-बिचता. खरं सांगा, पोराला खेळू द्यावं की शिकू द्यावं?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. पॉलिटेक्निकला असताना आम्ही टेबल टेनिस बऱ्यापैकी खेळत होतो. पुढे डिप्लोमा झाला, सरकारी नोकरी लागली आणि रॅकेट माळ्यावर गेली ती गेलीच. एवढ्या भांडवलावर दुसऱ्याच्या पोराचे काय सांगणार? "विचार करून सांगतो," म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला. त्यानंतर टेनिसचा जुना इतिहास चाळताना आम्हांला एक माणूस सापडला, ज्याच्या आयुष्यात हाच प्रश्न दोनदा आला. एकदा अठराव्या वर्षी, आणि पुन्हा पुढची एक्केचाळीस वर्षे, दुसऱ्यांच्या मुलांच्या रूपाने. यंदाच्या स्मरणिकेसाठी तोच विषय घेतला आहे.

सुरुवात विंबल्डनपासून करू. साल १९७४. भारतीय टेनिसच्या दृष्टीने हे वर्ष चटका लावून जाणारे आहे, कारण याच वर्षी आपला संघ डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचला आणि वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायलाच उतरला नाही. विजय आणि आनंद या अमृतराज बंधूंची नावे तेव्हा घरोघरी होती. त्यांचा धाकटा भाऊ अशोक त्या उन्हाळ्यात विंबल्डनला मुलांच्या एकेरीत खेळत होता आणि थेट अंतिम फेरीत पोचला. वीस वर्षांपूर्वी, १९५४ मध्ये, रामनाथन कृष्णन यांनी हेच विजेतेपद मिळवले होते. मद्रासचा आणखी एक पोरगा तो चषक घरी आणणार, असे इथल्या टेनिसवेड्यांना वाटले असल्यास नवल नाही. पण समोर होता अमेरिकेचा बिली मार्टिन. त्याने अशोकला सरळ दोन सेटमध्ये हरवले.

हा मार्टिन काही साधा प्रतिस्पर्धी नव्हता. २५ डिसेंबर १९५६, म्हणजे ऐन नाताळचा जन्म, इलिनॉय राज्यातल्या इव्हान्स्टन गावचा. १९७३ मध्ये सोळाव्या वर्षीच त्याने विंबल्डनमधले मुलांचे विजेतेपद घेतले होते. अमेरिकन ओपनमध्ये मुलांची स्पर्धा प्रथम सुरू झाली तीही १९७३ मध्येच, आणि तिचा पहिला विजेता हाच. १९७४ मध्ये पुन्हा दोन्ही ठिकाणी तोच. फ्लोरिडातली ऑरेंज बाउल ही मुलांची नावाजलेली स्पर्धा, तीही त्याने दोन्ही वर्षी जिंकली. ज्युनिअर टेनिसमध्ये सलग दोन वर्षे एवढा दबदबा फार थोड्यांना साधला आहे.

आणि तरीही आज आपल्या मंडळात शंभर माणसांना विचारले, तर बिली मार्टिन हे नाव एकालाही ठाऊक नसेल. बियाँ बोर्ग मात्र पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवेल. बोर्ग मार्टिनपेक्षा जेमतेम सहा महिन्यांनी मोठा. विंबल्डनचा मुलांचा चषक १९७२ मध्ये बोर्गने घेतला, पुढची दोन वर्षे मार्टिनने. कागदावर मार्टिनचे पारडे जड. पण १९७४ च्या जूनमध्ये अठरा वर्षांचा बोर्ग पॅरिसला थोरांची फ्रेंच स्पर्धा जिंकून मोकळा झाला होता, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी मार्टिन लंडनला मुलांमध्येच विजेता ठरत होता. मुलांमध्ये पहिला येणे आणि माणसांमध्ये पहिला येणे यांत केवढे अंतर असते, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने ही दोन नावे शेजारी शेजारी लिहून पाहावीत.

शाळा संपवून मार्टिन लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएत दाखल झाला. आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हटला की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, एक ट्रॅकसूट, प्रवासभत्ता आणि प्रमाणपत्र एवढेच डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत प्रकरण निराळे आहे. तिथे विद्यापीठे खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन आणतात, पगारी प्रशिक्षक ठेवतात, आणि एनसीएए या संस्थेच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी वर्षभर जिवाचे रान करतात. आपल्या इंदूरकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. होळकरांनी सी. के. नायडूंना आणले, फौजेत हुद्दा दिला, मुश्ताक अलींसारख्यांना आश्रय दिला, आणि त्या जोरावर होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. इथे संस्थान, तिथे विद्यापीठ. खेळाडूला पोटाची चिंता राहू नये, ही व्यवस्था कुणीतरी करावीच लागते. त्याच होळकर संघातले चंदू सरवटे बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. (बस स्टँडला नाव आहे ते तात्यासाहेब सरवट्यांचे. दरवर्षी कुणीतरी घोटाळा करतोच, म्हणून सांगून ठेवले.) म्हणजे खेळाबरोबर हाताला दुसरे काही असावे, हा विचार आपल्या गावाला नवा नाही.

यूसीएलएच्या टेनिसची परंपराही मोठी होती. रिचमंड या वर्णभेदाने ग्रासलेल्या दक्षिणेतल्या शहरातून आलेल्या आर्थर अ‍ॅश याला शिष्यवृत्ती देऊन इथेच आणले गेले आणि १९६५ मध्ये तो कॉलेज विजेता झाला. जिमी कॉनर्स १९७१ मध्ये पहिल्याच वर्षाला असताना विजेता झाला आणि कॉलेज सोडून व्यावसायिक टेनिसमध्ये गेला. मार्टिन आला तेव्हा प्रशिक्षक होते ग्लेन बॅसेट. बॅसेट स्वतः यूसीएलएचे खेळाडू, मग सहायक प्रशिक्षक आणि १९६७ पासून मुख्य प्रशिक्षक. त्यांच्या काळात यूसीएलएने सात वेळा सांघिक विजेतेपद मिळवले.

१९७५ मध्ये मार्टिनने कॉनर्सच्याच पावलावर पाऊल टाकले. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असताना तो एनसीएएचा एकेरी विजेता झाला आणि यूसीएलएने सांघिक विजेतेपदही घेतले. तेव्हा सांघिक विजेता वैयक्तिक स्पर्धेतल्या गुणांची बेरीज करून ठरत असे, म्हणजे एकाच्या विजयाचे मोल संघाला थेट मिळे. त्याच उन्हाळ्यात विंबल्डनच्या अंतिम फेरीत अ‍ॅशने कॉनर्सला हरवले. कॉलेजचा विजेता यूसीएलएचा, विंबल्डनचा विजेता यूसीएलएचा आणि उपविजेताही यूसीएलएचाच. अशा वर्षी अठरा वर्षांच्या मुलाने वर्गात बसून राहावे, असे सांगण्याची कुणाची हिंमत झाली असती? मार्टिन एका वर्षात कॉलेज सोडून व्यावसायिक झाला.

आम्ही त्याला दोष देत नाही. आमच्या कचेरीत खेळाडू कोट्यातून आलेला एक सहकारी आहे. तो म्हणतो, "साहेब, त्या वयात कोणी थांबवलं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं." खरेच आहे ते.

व्यावसायिक टेनिसमध्ये मार्टिन वाईट खेळला असे कुणी म्हणू नये. जगातल्या पहिल्या पन्नासांत तो होता. १९७७ मध्ये विंबल्डनच्या शतकमहोत्सवी स्पर्धेत, विसाव्या वर्षी, त्याने उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे त्याला व्हिटास गेरुलायटिसने हरवले. हाच गेरुलायटिस पुढच्या सामन्यात बोर्गशी पाच सेट असा काही लढला की तो सामना आजही जुने लोक आठवणीने सांगतात. ड्रॉच्या दुसऱ्या भागात त्याच वर्षी जॉन मॅकेन्रो नावाचा अठरा वर्षांचा मुलगा पात्रता फेरीतून येऊन उपांत्य फेरीत धडकला होता. म्हणजे वरून बोर्ग आणि कॉनर्स, खालून मॅकेन्रो, आणि मध्ये आपला मार्टिन. त्याची ग्रँडस्लॅम एकेरीतली सर्वांत मोठी मजल ती उपांत्यपूर्व फेरीच राहिली. पुढे खुब्याचे दुखणे मागे लागले. टेनिसमध्ये धावता धावता थांबायचे, वळायचे, पुन्हा धावायचे. तो सगळा भार खुब्यावर आणि गुडघ्यावर येतो. १९८० चे दशक सुरू झाल्यावर थोड्याच काळात, म्हणजे पंचविशीतच, त्याचा खेळ संपला.

पंचविशीत निवृत्त! आमच्या खात्यात पंचविशीत माणूस परिवीक्षेत असतो. ज्याची ओळख सोळाव्या वर्षापासून 'विजेता' अशीच आहे, त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचे? मार्टिनने जे केले ते आम्हांला या सगळ्या कथेत सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या कॉलेजातून एका वर्षात बाहेर पडला होता, त्याच कॉलेजात तो परत गेला आणि आपल्याच जुन्या गुरूंच्या, बॅसेट यांच्या हाताखाली सहायक प्रशिक्षक झाला. दहा वर्षे सहायकच राहिला. इथून पुढे आम्ही त्यांना अहो-जाहो करणार आहोत. माणूस गुरुजी झाला की अरे-तुरे बरे दिसत नाही.

ते परत आले तेव्हा विद्यापीठाच्या आवारात नवे टेनिस केंद्र उभे राहत होते. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये टेनिसचा प्रदर्शनीय खेळ म्हणून समावेश झाला होता, त्यासाठी ते बांधले गेले. तिथे मुलांमध्ये स्टेफान एडबर्ग आणि मुलींमध्ये स्टेफी ग्राफ जिंकले. त्याच वर्षी यूसीएलएने कॉलेजचे सांघिक विजेतेपद मिळवले. पण नंतर दुष्काळ सुरू झाला. १९९३ मध्ये बॅसेट निवृत्त झाले, मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची मार्टिन यांच्याकडे आली, तरी दुष्काळ हटेना.

इथे कॉलेज टेनिसची पद्धत थोडी सांगावी लागेल, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. दोन कॉलेजांच्या सामन्यात सात गुण असतात. आधी तीन दुहेरी सामने होतात आणि त्यांतले दोन जो जिंकेल त्याला मिळून एकच गुण. मग सहा एकेरी सामने एकाच वेळी सहा कोर्टांवर सुरू होतात, प्रत्येकाचा एक गुण. ज्याचे चार गुण आधी, तो जिंकला. म्हणजे तीन-तीन अशी बरोबरी झाली की उरलेल्या एका कोर्टावरच्या एका मुलाच्या हातात सगळ्या संघाचे वर्ष असते. बाकीचे खेळून झालेले असतात आणि कडेला उभे राहून ओरडत असतात. टेनिस हा एकट्याचा खेळ म्हणतात, पण हा प्रकार पाहिला तर तो आपल्या कबड्डीच्या शेवटच्या चढाईसारखाच वाटतो.

शिवाय पैशाचे गणित. अनेक वर्षे नियम असा होता की पुरुषांच्या टेनिस संघाला एका वेळी साडेचार शिष्यवृत्त्या. संघात मुले आठ-दहा आणि शिष्यवृत्त्या साडेचार! मुलींच्या संघाला आठ. त्यामागे तिथल्या स्त्री-पुरुष समानतेच्या कायद्याचे कारण आहे आणि ते योग्यही आहे. पण मुलांच्या प्रशिक्षकाला मात्र कुणाला अर्धी, कुणाला पाव अशी वाटणी करत बसावे लागे. ज्यांनी सरकारी कचेरीत अपुऱ्या निधीतून सगळ्या कामांना थोडे थोडे देण्याची कसरत केली आहे, त्यांना हे दुःख वेगळे सांगायला नको.

तर, मार्टिन यांचा संघ १९९६ मध्ये अंतिम फेरीत स्टॅनफर्डकडून हरला. १९९९ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाकडून, त्यांच्याच घरच्या मैदानावर, ४-३ असा. २००४ मध्ये टेक्सासच्या बेलर विद्यापीठाकडून ४-०. आठ वर्षांत तीन अंतिम फेऱ्या, तिन्ही गेल्या. आपल्याकडे एवढ्यात चौकशी समिती बसली असती. विद्यापीठाने त्यांना ठेवले, ही गोष्ट आम्ही तरी विद्यापीठाच्या जमेस धरतो.

पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, टेक्सासमध्येच कॉलेज स्टेशन या गावी, पुन्हा तेच बेलर समोर. बेलरचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू बेनेडिक्ट डॉर्श त्या वर्षी एकेरीतही राष्ट्रीय विजेता झाला, यावरून त्या संघाची ताकद कळावी. सामना ४-३ पर्यंत ताणला, आणि या वेळी चार यूसीएलएचे होते. एकवीस वर्षांनी आलेले ते विद्यापीठाचे सोळावे सांघिक विजेतेपद. मार्टिन यांच्यापुरता हिशेब सांगायचा तर १९७५ मध्ये खेळाडू म्हणून, १९८४ मध्ये सहायक म्हणून आणि २००५ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून, असे तिन्ही भूमिकांत त्यांनी ते मिळवले. त्यांच्या आधी हे साधले होते त्यांच्याच गुरूंना, बॅसेट यांना.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट आपल्या जवळची आहे. २००६ मध्ये स्टॅनफर्डला झालेल्या कॉलेजच्या एकेरी अंतिम फेरीत मार्टिन यांचा जर्मन शिष्य बेंजामिन कोल्लोफेल याच्यासमोर होता व्हर्जिनिया विद्यापीठाचा सोमदेव देववर्मन. आपला सोमदेव हरला. बत्तीस वर्षांपूर्वी विंबल्डनला मार्टिनने अशोकला हरवले, आता मार्टिनच्या शिष्याने सोमदेवला. पण सोमदेवने कॉलेज सोडले नाही. २००७ मध्ये तो पुन्हा अंतिम फेरीत आला आणि सहा फूट दहा इंच उंचीच्या जॉन इस्नरला त्याने तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत खेळून हरवले. २००८ मध्ये पुन्हा विजेता. सलग तीन अंतिम फेऱ्या खेळून, कॉलेज पुरे करून तो व्यावसायिक झाला आणि २०१० मध्ये एशियाडची दोन सुवर्णपदके घेऊन आला, एकेरीचे आणि दुहेरीचे. मार्टिन आणि कॉनर्स एका वर्षात गेले, मॅकेन्रो १९७८ मध्ये स्टॅनफर्डहून असाच गेला, सोमदेव मात्र थांबला. यात कुणाचे बरोबर होते, हे आम्ही तरी ठरवू शकलेलो नाही. कॉनर्स आणि मॅकेन्रो गेले ते जगज्जेते झाले, हेही विसरून चालणार नाही.

व्हर्जिनियाचे नाव निघाले म्हणून २०१३ ची अंतिम फेरी सांगायलाच हवी. सोमदेवचे प्रशिक्षक ब्रायन बोलंड अजून व्हर्जिनियातच होते आणि त्यांनाही सांघिक विजेतेपद कधी मिळाले नव्हते. सामना इलिनॉयमध्ये अर्बाना इथे, म्हणजे मार्टिन यांच्या जन्माच्या राज्यात. गुण ३-३. उरलेल्या एका कोर्टावर यूसीएलएचा आद्रियाँ प्युजे तिसऱ्या सेटमध्ये ५-३ ने पुढे आणि विजेतेपदाचा गुण हातात. समोर मिचेल फ्रँक. प्युजेने नेटजवळ येऊन व्हॉली मारली, चेंडू फ्रँकच्या आवाक्याबाहेर गेला. विजेतेपद यूसीएलएचे झाले असे वाटावे, तोच पंचांनी निर्णय दिला की प्युजेचा स्पर्श नेटला झाला आहे. नियमाप्रमाणे गुण समोरच्याला. तिथून फ्रँकने सामना फिरवला, जिंकला, आणि व्हर्जिनियाने आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद घेतले.

असा पराभव पचवायचा कसा? मुलगा वीस-एकवीस वर्षांचा. त्याच्यामुळे गेले असे कुणी तोंडाने म्हणणार नाही, पण त्याला रात्री झोप कशी यावी? प्रशिक्षकाचे खरे काम सर्व्हिस शिकवणे नसून अशा रात्री संघाच्या खोलीत असणे हे असावे, असे आम्हांला वाटते. ज्या माणसाने विसाव्या वर्षी विंबल्डनची उपांत्यपूर्व फेरी पाहिली आणि पंचविशीत खुब्यापायी सगळे गमावले, त्याच्याइतका त्या खोलीत बसायला योग्य माणूस कोण? तिथे काय बोलणे झाले ते आम्ही सांगू शकत नाही. एवढे खरे की पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, यूसीएलएच्याच मार्कोस गिरॉनने एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पोरे मोडून पडली नव्हती.

मार्टिन यांच्या हाताखालून गेलेल्यांची यादी मोठी आहे, सगळी देत नाही. क्युरासाव या छोट्या बेटावरचा जाँ-ज्युलियाँ रोजर पुढे विंबल्डन, अमेरिकन आणि फ्रेंच अशा तिन्ही ठिकाणी पुरुष दुहेरीचा विजेता झाला. फ्रान्समध्ये जन्मलेला मॅक्सिम क्रेसी हा तर आजच्या जमान्यात सर्व्हिस करून थेट नेटकडे धावणारा जुन्या वळणाचा हट्टी खेळाडू. कॉलेजची सगळी वर्षे पुरी करून, २०१९ मध्ये कीगन स्मिथबरोबर दुहेरीचे राष्ट्रीय विजेतेपद घेऊन तो बाहेर पडला, आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या चौथ्या फेरीपर्यंत गेला.

आणि मॅकेन्झी मॅक्डॉनल्ड. २०१६ मध्ये त्याने कॉलेजचे एकेरीचे आणि मार्टिन रेडलिकीबरोबर दुहेरीचे, अशी दोन्ही विजेतेपदे एकाच वर्षी मिळवली. पंधरा वर्षांत हे कुणाला जमले नव्हते. तेव्हा तो तिसऱ्या वर्षाला होता. अजून एक वर्ष शिल्लक होते, आणि तो तेव्हाच व्यावसायिक झाला. म्हणजे १९७५ चा प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहिला, फक्त या वेळी मार्टिन टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेले. मॅक्डॉनल्ड पुढे २०१८ मध्ये विंबल्डनच्या चौथ्या फेरीत पोचला, आणि २०२३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने गतविजेत्या राफाएल नदालला हरवले. त्या सामन्यात नदालला दुखापत झाली होती, आणि योगायोग असा की तीही खुब्याचीच.

मार्टिन २०२४ मध्ये निवृत्त झाले. दहा वर्षे सहायक आणि एकतीस वर्षे मुख्य प्रशिक्षक, सहाशेहून अधिक सांघिक विजय. खेळाडू म्हणून कॉलेजात एक वर्ष, प्रशिक्षक म्हणून एक्केचाळीस.

राहिला तो अंतिम फेरीतला दुसरा मुलगा. अशोक अमृतराज टेनिसच्या निमित्तानेच अमेरिकेत गेला. १९७८ मध्ये लॉस एंजेलिस स्ट्रिंग्ज हा संघ तिथल्या टीम टेनिस स्पर्धेत विजेता ठरला, त्यात विजय होता, ख्रिस एव्हर्ट होती, इली नस्तासे होता आणि अशोकही होता. मग टेनिस सुटले आणि तो लॉस एंजेलिसमध्येच चित्रपट निर्माता झाला. ऐश्वर्या रायचा 'जीन्स' ज्यांनी पाहिला असेल त्यांनी पडद्यावर त्याचे नाव वाचले असेल, लक्षात राहिले नसेल एवढेच. विंबल्डनला १९७४ मध्ये समोरासमोर उभे असलेले हे दोघे पुढे एकाच शहरात राहून आपापले दुसरे आयुष्य जगले, एक सिनेमाच्या धंद्यात, एक कॉलेजच्या कोर्टावर. दोघांपैकी कुणीही ते आयुष्य टेनिस खेळून काढले नाही, पण दोघांनाही त्या शहरात आणले टेनिसनेच.

हे सगळे आम्ही आमच्या स्नेह्यांना मागच्या महिन्यात सांगितले. मुलगा आता अकरावीत आहे, गणित घेतले आहे, आणि पहाटे साडेपाचला सायकलवर रॅकेट अडकवून जाताना दिसतो. स्नेह्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. बोर्ग, सोमदेव, नेटला लागलेला पाय, कशावरच काही बोलले नाहीत. मग खिशातून पेन काढले, आमच्याकडच्या वर्तमानपत्राच्या कडेला ४.५ असा आकडा लिहिला आणि विचारले, "भाऊ, हे साडेचार आठ पोरांत कसे वाटतात म्हणालात?" आम्ही दोघे चहा थंड होईपर्यंत त्याचाच हिशेब मांडत बसलो.